धावूचं ताट

चाळीस वर्षं मी माणसं मेलेली दाखवली. मारायचं काम दुसऱ्यांचं. फाइटमास्तर मारायचा, लेखक मारायचा, कधी निर्मात्याशी बिनसलं म्हणून मालिकेतली सासू एका दिवसात मरायची. त्यांना मेल्यासारखं दिसायला लावणं हे माझं खातं. मी मेकअपमन. हिरोइनींचे गाल रंगवणारे वेगळे आणि त्यांचा थाटही वेगळा. माझ्या वाट्याला जखमा, भाजलेली कातडी आणि मुडदे. सेटवर मला 'मुडदेवाले दादा' म्हणत आणि मी ओ देत असे.

संपादकांनी 'गमतीचे अनुभव लिहा' म्हणून सांगितलं आहे. ते ढीगभर आहेत. पण लिहायला बसलो की एकच सिनेमा पुढे येऊन बसतो, आणि तो गमतीचा होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो कशाबद्दल होता हेही मला नीट सांगता येणार नाही. मी त्यात शेवटपर्यंत होतो, तरीही.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. लोकांना वाटतं मेलेला माणूस पांढरा असतो, पावडर थापली की झालं. तसं नसतं. तो आधी पिवळट पडतो, मग राखाडी, आणि हे कानाच्या पाळीपासून आणि नखांपासून सुरू होतं. नखं सगळे विसरतात. मोठ्या बजेटच्या सिनेमात छातीत चार गोळ्या घुसलेल्या हिरोची नखं गुलाबी चकचकीत दिसतात, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून शेजारी ऐकू जाईल इतक्या जोरात बोलतो. रक्त कॉर्नफ्लॉवर, साखरेचा पाक आणि खायचा रंग यांचं करायचं. त्यात चिमूटभर कॉफी घातली की ते अर्ध्या तासापूर्वीचं होतं, दोन चिमटी घातली की कालचं. एवढंच शास्त्र, बाकी हात. साखरेमुळे मुंग्या येतात, हे मात्र कुणी शिकवत नाही.

माझे नियम दोन. पहिला, मेलेला चेहरा घेऊन कुणी सेटबाहेर जायचं नाही आणि जेवायला बसायचं नाही. हा नियम खालापूरच्या नाक्यावर तयार झाला. कपाळात कुऱ्हाड घुसलेला माझा एक मुडदा, शॉटला वेळ आहे म्हणून, टपरीवर चहा प्यायला गेला. निम्मी गिऱ्हाइकं पळाली. एका बाईंना चक्कर आली. हा पठ्ठ्या त्यांना सावरायला धावला, त्यामुळे शुद्धीवर येता येता त्यांना पुन्हा चक्कर आली. त्या दिवसापासून माझे मुडदे तोंड धुतल्याशिवाय घास तोंडात घालत नसत.

दुसरा नियम माझा नाही, आमच्या लोकांत तो चालतच आलेला आहे. मरणाचा शॉट संपला की मुडदा झालेल्या नटानं डोळे उघडून कॅमेऱ्यात बघून हसायचं. तो हसेपर्यंत कॅमेरामन कॅमेरा बंद करत नाही. कॅमेऱ्यानं माणसाला शेवटचा मेलेला बघू नये, एवढाच त्यातला भाव. 'हस' म्हणायचं काम मेकअपवाल्याचं, कारण रक्त पुसायला सगळ्यांत आधी तोच वाकतो. माझे वस्ताद एकदा गडबडीत हे सांगायला विसरले आणि तो म्हातारा नट महिन्याभरात खरोखर गेला. त्याचं हृदय आधीपासून अधू होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही. पण वस्तादांनी ते मरेपर्यंत स्वतःच्या डोक्यावरून उतरवलं नाही. मला ब्रश धरायला शिकवायच्या आधी त्यांनी 'हस' म्हणायला शिकवलं.

तर हा सिनेमा. सहा-सात वर्षं झाली असतील. निनाद नावाचा डायरेक्टर, वय तिशीच्या आत, बोलणं इतकं गोड की समोरच्याला नाही म्हणवत नसे. त्याला नव्वद वर्षांपूर्वीच्या मोठ्या मंदीतल्या अमेरिकन दरोडेखोरांवर सिनेमा काढायचा होता. बँका लुटणारे, मोटारीतून पळणारे, गरिबांचे लाडके, शेवटी पोलिसांच्या गोळ्यांनी मरणारे. अमेरिकेला जाणं परवडणारं नव्हतं म्हणून तो कर्जतला आला होता. "दादा, डोंगर इथूनतिथून सारखेच," तो म्हणाला. मला ते तेव्हा पटलंसुद्धा.

खालापूरच्या बाजूला एक बंद पडलेली भाताची गिरणी होती. तिच्यावर इंग्रजी पाटी ठोकून बँक केली. जुनी मोटार आणली ती चालत नव्हती. चार जण मागून ढकलायचे आणि कॅमेरा त्यांना वगळून दरोडेखोरांचं पलायन टिपायचा. एकदा उतारावर ती खरोखरच पळाली, ड्रायव्हरच्या जागेवरचा नट खरोखरच ओरडला, आणि तेवढा एकच शॉट निनादला आवडला. भातकापणीचे दिवस, डोक्यावर ऊन, आणि आमचे दरोडेखोर लोकरीचे कोट आणि गोल हॅट घालून घाम पुसतायत. बघायला जमलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "दादा, ह्ये कोन हायत?"

"मंदीतले दरोडेखोर."

"मंदी? ती प्लॉटची का?"

आमच्याकडे दुसरी मंदी कुणाला माहीत नाही.

चौथ्या दिवशी निनाद गिरणीच्या पायरीवर डोकं धरून बसला. "दादा, हे सगळं खोटं दिसतंय," म्हणाला. मी तेव्हा ओंकारच्या दंडावर गोळीची जखम करत होतो. ओंकार म्हणजे त्याचा हिरो, डोंबिवलीचा, नाटकात कामं करणारा सरळ मुलगा. निनादला जरा बरं वाटावं म्हणून मी लहानपणी ऐकलेली एक गोष्ट सांगितली. ती सांगितली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

माझे वडील भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते. आमच्या क्वार्टर्समध्ये मध, करवंदं, लाकूडफाटा घेऊन डोंगरातली माणसं येत. त्यांच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट. जगात मंदी होती त्याच सालांत इथे भाताला कुणी विचारत नव्हतं, आणि सावकाराच्या गाड्या मात्र खळ्यावरून भरून जात. कोंडाणे लेण्यांच्या वरच्या अंगाला ठाकरांची एक वाडी आहे. तिथला धावू नावाचा माणूस त्या गाड्या रानात अडवायचा आणि पोती वाड्यावाड्यांतून वाटायचा. दोन पावसाळे तो सापडला नाही. तिसऱ्या वर्षी ठाकुरवाडीच्या खालच्या रानात त्याला गोळी घातली, म्हणतात. मुडदा खाली नेला, म्हणतात. तो परत आला नाही आणि कुणी बघितलाही नाही.

निनाद उठून उभा राहिला. "दादा, हाच माझा सिनेमा!"

अमेरिकेची भारताशी अदलाबदल अर्ध्या दिवसात झाली. बँकेची पाटी उतरली, गिरणीची पुन्हा गिरणी झाली, हिरोचं नाव धावू ठेवलं. हॅट मात्र राहिल्या, कारण आधीच्या शॉटमध्ये त्या होत्या. आमचा धावू विलायती हॅट घालून भात लुटायला लागला. मी विचारलं तर निनाद म्हणाला, "त्यानं ती सावकाराकडून लुटलीय असं समजा." मी तसं समजलो. त्या युनिटात सगळे जण काही ना काही समजूनच चालले होते.

शेवटचा सीन धावूच्या मरणाचा. तो त्याच्या खऱ्या वाडीतच करायचा ठरलं. मी इकडचा, म्हणून परवानगी मागायला मला वर धाडलं. वाडीचं नाव लिहीत नाही. आधीच रविवारी फोटो काढणारे पुष्कळ चढतात. तिथे मला हिरूबाईच्या अंगणात बसवलं. साठी उलटलेली काटक बाई. वाडीत तिचा शब्द चालायचा. मला पाणी देऊन ती समोर बसली.

"कोनाचं मरान करताय?" तिनं विचारलं.

"धावूचं, मावशी. जुनी गोष्ट आहे ना, त्यातला."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "त्यो मेला का? आमाला कुनी सांगितलं नाय."

हिरूबाई धावूची नात होती. मला खरंच माहीत नव्हतं. गोष्टीतल्या माणसाला नात असू शकते हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं. धावू गेला तेव्हा हिरूबाईचा बाप पोटात होता. धावूच्या बायकोनं नवरा मेला हे कधी मानलंच नाही. तोंड बघितलं नाही, मग मेला कसा म्हणायचा? भादव्यातल्या पितरांच्या अमावस्येला वाडीत गेलेल्यांची पानं छपरावर ठेवतात, कावळ्यांसाठी. धावूचं पान तिनं छपरावर जाऊ दिलं नाही. त्याचं ताट घरात, जिवंतांच्या पंगतीला. ती गेली, मग हिरूबाईचा बाप गेला, आणि ताट हिरूबाईकडे आलं. दर अमावस्येला ती ते वाढायची, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ठेवायची आणि मग गाईपुढे ठेवायची.

"माजा ल्योक खोपोलीला कंपनीत हाय," ती म्हणाली. "सून चांगली हाय, पन म्हनती, तितं कोन बसलाय? मी गेले का मंग ह्याचं ताट कोन वाढंल? घरात बी नाय, छपरावर बी नाय. मानूस जाईल कुटं, सांग बरं."

माझ्या बोटांवरच्या लाल डागांकडे तिनं बोट दाखवलं.

"तू मेल्याली तोंडं बनवतोस ना? मंग ह्याचं बनव. मी बघन. मंग आमी त्याला वड्यापलीकडं नेऊ, एक एक दगड ठिवू न् मागं न बघता माघारी येऊ. सुटंल बिचारा."

"मावशी, ते सगळं खोटं असतं."

"ठावं हाय रं! मी काय येडी हाय? मानूस घावला नाय तर पिठाचा करत्यात, गवताचा करत्यात. त्यो काय खरा असतो? तू मानसाचा कर."

मी खाली येऊन निनादला सांगितलं तर तो नाचायचा बाकी राहिला. खरी वाडी, खरी नात, खरं रडणं! मला त्याचा राग आला, आणि आपण तरी कोण मोठे लागून गेलो म्हणून गप्पही बसलो. ओंकारची अडचण वेगळी. "दादा, आईनं बजावलंय, हसल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही." मग मी दोन्ही घरची बोलणी करावीत तसं ठरवून दिलं. ओढ्यापलीकडे नेईपर्यंत ओंकारनं डोळे उघडायचे नाहीत. वाडीची माणसं दगड ठेवून माघारी वळली, दिसेनाशी झाली, की मी 'हस' म्हणेन. माझा शब्द ऐकू आल्याशिवाय काही झालं तरी हलायचं नाही. ओंकारनं शपथ घेतली.

ठरल्या दिवशी सकाळी वर पोचलो तर वाडीत कुठेच धूर नव्हता. युनिटच्या लोकांनी चहासाठी विस्तव मागितला, बायकांनी मान हलवली. वाडीत मुडदा असला की तो उचलेपर्यंत चूल पेटत नाही. आमचा मुडदा अजून झालाही नव्हता, मी ब्रशसुद्धा उघडले नव्हते. निनादला वाटलं यांच्याकडचा गॅस संपला.

हिरूबाईच्या ओट्यावर ओंकारला बसवलं आणि ती शेजारी बसून सांगायला लागली. डाव्या भिवईवर कोयत्याची खूण. उजव्या कानाची पाळी फाटलेली. रंग? "माज्या बापासारका." हे सगळं तिनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. तिनं धावूला कधी बघितलेलं नव्हतं, मी तर नाहीच, आणि आम्ही दोघं मिळून तिसऱ्याच्या तोंडावर त्याला शोधत होतो.

"तोंड उघडं की मिटलेलं?"

"मिटल्यालं. बोलायचा कमी, आजी म्हनायची. पन हसायचा. हसला का डावा गाल आदी हलायचा."

"मावशी, मेलेल्याला त्याचा काय उपयोग?"

"तू इचारतोस म्हनून सांगते."

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला चेहरा झाला, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. ओंकार त्यात उरलाच नाही. शेवटी मी त्याच्या नखांवर राखाडी ओढली, तेव्हा हिरूबाई वाकून बघायला लागली. "आमच्या बापाची अशीच झाल्ती," ती म्हणाली. चाळीस वर्षांत मी रंगवलेल्या नखांकडे लक्ष दिलेली ती पहिली व्यक्ती.

ओंकारला बांबूच्या तिरडीवर निजवलं. निनादनं हौसेनं हॅट आणून त्याच्या छातीवर ठेवली. "ह्ये काय?" हिरूबाईनं विचारलं. तो समजावून सांगायला लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं, हॅट उचलली आणि कुंपणाच्या मेढीवर अडकवली.

कॅमेरा सुरू झाला. बायका रडायला लागल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. हिरूबाई उशाशी बसली आणि मला म्हणाली, "हात लावू का?" शॉटच्या आधी मी चेहऱ्याला माशी बसू देत नाही. मी मान हलवली. तिनं भिवईवरच्या खुणेवरून अंगठा फिरवला. खुणेचा थोडा रंग अंगठ्याला आला. तो तिनं बघितला, पदराला पुसला आणि म्हणाली, "लई उशीर केलास रं." मला समोरचं दिसेनासं झालं. मीच केलेला चेहरा होता तो, डबा माझ्या मांडीवर होता, आणि तरी मला रडू आलं.

चौघांनी तिरडी उचलली. वाडीतून ओढ्याकडे उतरणारी वाट करवंदीच्या जाळ्यांतून जाते. पुढे तिरडी, मागे बायका, बाजूनं कॅमेरामन, आणि मुडद्याच्या डोक्याशी मी. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. तेवढ्यात कॅमेरामनचा पाय घसरला, तो गुडघ्यावर आला, आणि मागून निनाद ओरडला, "कट, कट!" उचलणाऱ्यांनी दचकून तिरडी खाली ठेवली.

ओंकारच्या कानातून एक मुंगी निघाली होती आणि पापणीकडे चालली होती. ती काढायला मी वाकलो. 'कट' झालेलं, मी वाकलेलो, समोर माझा मुडदा.

"हस," मी म्हणालो.

ते मी म्हटलं असं मला वाटतच नाही. ते तोंडातून पडलं. पडल्या पडल्या कळलं, पण तोवर उशीर झाला होता. डोळे मिटून पडलेल्या ओंकारला पाणी जवळ ऐकू येत होतं, तिरडी टेकली होती, माझा शब्द आला होता. त्याला वाटलं ओढा झाला, माणसं गेली. त्यानं डोळे उघडले. कॅमेरामन गुडघ्यावर असला तरी मुडदा हसल्याशिवाय कॅमेरा बंद करणारा तो नव्हता. ओंकार त्याच्याकडे बघून मनापासून हसला. त्याचा डावा गाल आधी हलला.

हे मी त्याला सांगितलं होतं का? ओट्यावर हिरूबाई बोलली तेव्हा त्यानं ऐकलं का? तो शपथेवर 'नाही' म्हणतो; मी तेव्हा त्याच्या कानावर चिकटपट्ट्या लावत होतो, त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याचं हसणं मुळातच तसं होतं का? मी त्याची जुनी नाटकं मोबाइलवर काढून बघितली. एकात वाटतं डावा, एकात वाटतं दोन्ही. मी ते बघणं सोडून दिलं.

रडणं एकदम थांबलं. हिरूबाई पुढे आली, ओंकारकडे बघितलं आणि म्हणाली, "उठला."

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो. "त्याला परत निजवतो. परत करू आपण, पहिल्यापासनं..."

"परत? येकदा उठल्यालं परत निजवायचं कसं?" ती बायकांकडे वळली. "चुली पेटवा गं."

वाडीवर धूर दिसायला लागला. तिनं ओंकारला अंगणात बसवलं आणि त्याच्यापुढे पितळेचं ताट आणून ठेवलं. कड एका बाजूला दबलेली. नाचणीच्या भाकऱ्या, वालाची उसळ, सुकटाची चटणी. ओंकारनं माझ्याकडे बघितलं. माझा पहिला नियम त्याला माहीत होता. मी नजर वळवली. तो जेवायला बसला, राखाडी नखांनी, फाटक्या कानानं, छातीत गोळी घेऊन. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि चटणी पुन्हा मागून घेतली. हिरूबाई समोर बसून एकेक घास बघत होती. जेवण झाल्यावर तिनं स्वतः त्याच्या हातावर पाणी घातलं.

नंतर मी त्याचं तोंड पुसत असताना ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. "दादा, तूच त्याला उठवलास," ती म्हणाली. "आता ह्ये ताट सुटायचं नाय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

निनादनं सिनेमाचा शेवट त्या हसण्यावरच केला. दोन वर्षांनी तो मोबाइलवरच्या एका ॲपवर आला. दरोडेखोर गोल हॅट घालून भात लुटतात, मोटार उतारावरून पळते, हिरो मरतो, तिरडीवरून उठून हसतो आणि संपतं. कुणी त्याला भुताचा सिनेमा म्हणालं, कुणी राजकीय म्हणालं. मुडदा का हसतो असं निनादला एका कार्यक्रमात विचारलं, तेव्हा तो बराच वेळ बोलला. मी पहिल्या रांगेत होतो. मला त्यातलं काही कळलं नाही. त्यालाही कळत होतं असं वाटलं नाही.

त्यानंतर दर पितरांच्या अमावस्येला मी वाडीत जात राहिलो. मला कुणी बोलावत नव्हतं. हिरूबाई ताट वाढायची आणि त्याच्या शेजारी माझं पान मांडायची. पिठाचा पुतळा करू, हवं ते मी करतो, असं मी दोनदा म्हणून बघितलं. "हसल्याला कसा पोचवू रं?" एवढंच ती म्हणायची. तिची सून मुकाट्यानं वाढत असायची. ती माझ्याकडे बघायची नाही.

गेल्या वर्षी तिच्या मुलाचा फोन आला. आई गेली, तोंड बघायचं असेल तर या. मी गेलो. वाडीत धूर नव्हता. मी तिच्याजवळ बसलो आणि माझी नजर आधी नखांवर गेली. नखं बरोबर होती, कानाची पाळी बरोबर होती, रंग मी करतो तसाच. एका गोष्टीत मात्र मी सगळा जन्म चुकत आलो होतो. माझा प्रत्येक मुडदा 'कट'ची वाट बघत पडलेला असायचा. हिरूबाई कशाची वाट बघत नव्हती. मी वाकून बघत होतो आणि तो शब्द माझ्या तोंडाशी आला. मी पंचा तोंडात दाबून धरला. आजूबाजूच्यांना वाटलं मला हुंदका आला. तोही आला होताच.

पंधरा-वीस दिवसांनी तिचा मुलगा कर्जतला घरी आला. हातात कापडी पिशवी. आत पितळेचं ताट.

"आयनं सांगून ठिवलंय," तो म्हणाला. "ह्ये मुडदेवाल्या दादाला दे. त्यानं उठवलाय, त्योच वाढंल."

चहा न घेता तो गेला. ताट मी कपाटात माझ्या जुन्या ब्रशांच्या डब्यावर ठेवलं. मी तसा देवभोळा माणूस नाही. ओंकार आता मालिकेत पोलीस इन्स्पेक्टर आहे आणि चांगलं चाललंय त्याचं. धावूला जाऊन नव्वद वर्षं झाली. हे सगळं मला समजतं, आणि तरी भाद्रपद आला तेव्हा मी ते ताट चिंच लावून घासलं.

अमावस्येला बायकोनं माझ्या आईवडिलांची पानं गच्चीवर ठेवायला काढली. मग तिला ते ताट दिसलं. तिला सगळं माहीत आहे. लग्नानंतर तिनं मला फार कधी अडवलेलं नाही आणि शहाणे प्रश्न विचारायचंही सोडलेलं नाही.

"हे कुठे ठेवायचं? गच्चीवर की आत?"

"आत," मी म्हणालो. का म्हणालो, मला ठाऊक नाही.

तिनं माझ्या पानाशेजारी पाट मांडला, त्यावर ताट ठेवलं आणि पळी हातात घेऊन थांबली.

"काय वाढू? काय आवडतं त्यांना?"

तेवढं मात्र मला माहीत होतं.

"दोन भाकऱ्या," मी म्हणालो. "आणि चटणी जास्त."